जोड कोण लावणार? मुली, मुलं आणि कल्याणच्या हमीदा बानू

मागच्या महिन्यात मी एका शालेय कुस्ती स्पर्धेला गेले होते. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातली होती एवढंच सांगते, शाळेचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही. सकाळी वजनं झाली, मॅट अंथरली, मुलांच्या कुस्त्या सुरू झाल्या. मुलींची वेळ आली तेव्हा टेबलावरून एक नाव पुकारलं. तेराएक वर्षांची मुलगी मॅटवर आली आणि पंचांच्या बाजूला उभी राहिली. पंचांनी तिचा हात वर केला, ती वाकली आणि खाली उतरली. अर्ध्या मिनिटात सुवर्णपदक! तिच्या वजन गटात दुसरी मुलगीच नव्हती.

तिचे वडील माझ्या शेजारीच बसले होते. टाळ्या वाजवून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी पण असंच झालं. पोरगी वर्षभर तालमीत पोरांशी झटते आणि इथे येऊन नुसता हात वर करते. मग पोरांशीच लावा की तिची कुस्ती!"

मागच्या रांगेतून दुसरे एक पालक बोलले, "आणि पोरगा हरला तर? शाळेत तोंड दाखवायचं का त्याने?"

वस्तादांनी एका शब्दात विषय मिटवला. "नियमात नाही."

घरी येईपर्यंत ही तीन वाक्यं डोक्यात फिरत होती. माझ्या पीएचडीचा विषय ठाणे-कल्याण भागातल्या तालमी आणि मैदानं हा आहे. तिथे कोण खेळायचं, कोण बघायचं आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, हे मी शोधते. आणि कागद चाळता चाळता मला दिसलंय की ही तिन्ही वाक्यं सत्तर वर्षांपूर्वीही बोलली गेली होती. ज्या बाईच्या बाबतीत बोलली गेली, तिच्या आयुष्याची शेवटची वर्षं याच कल्याणमध्ये गेली. तिचं नाव हमीदा बानू.

म्हणून आजचा लेख त्या प्रश्नावर. शाळकरी मुलींनी मुलांशी कुस्ती लढावी का? उत्तर देणारच आहे, पळ काढणार नाही. पण आधी थोडा इतिहास.

आधी 'जोड' म्हणजे काय ते बघू

गावच्या जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा शब्द सांगायला नको. आपल्याकडे आगरी-कोळी गावांच्या जत्रांमध्ये अजूनही कुस्त्यांचा फड लागतो. तिथे वजनकाटा नसतो. पैलवान आखाड्यात फिरतो, दुसरा समोर येतो, जाणती माणसं दोघांकडे बघतात. उंची, मान, मांड्या, कोणत्या तालमीचा, मागच्या जत्रेत कोणाला पाडलं, हे सगळं नजरेने तोलतात आणि म्हणतात, "जोड आहे, लावा." किंवा "जोड नाही, सोडा." जोड चुकीची लागली तर लोक ओरडतात, कारण विजोड कुस्तीत कोणालाच मजा नाही. जिंकणाऱ्याला मान मिळत नाही, हरणाऱ्याला दुखापत मिळते.

म्हणजे बघा, कुस्तीतली न्यायाची सगळी कल्पना या एका शब्दात आहे. 'ताकदवान कोण' हा प्रश्न नंतरचा. 'ही जोड आहे का' हा पहिला. माझं आजचं म्हणणं याच शब्दाला धरून आहे. मुलगी विरुद्ध मुलगा हा प्रश्न जेव्हा जेव्हा उठलाय, तेव्हा त्याच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते: मुलींना जोड तयार करून देण्याचं काम कोणी केलेलं नसतं.

हमीदा बानू कोणाशी लढत होत्या आणि का

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या. अलिगढला सलाम पहिलवान नावाच्या वस्तादांकडे त्या तयार झाल्या. १९४० आणि ५०च्या दशकांत त्यांनी तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचं सांगितलं जातं. वर्तमानपत्रं त्यांना 'अलिगढची अॅमेझॉन' म्हणायची. अॅमेझॉन म्हणजे ग्रीक कथांमधल्या लढवय्या बायका. त्यांची उंची सव्वापाच फुटांच्या आसपास आणि वजन १०८ किलो. त्यांचा खुराक तर बातम्यांचा वेगळा विषय होता. दिवसाला साडेपाच लिटरहून जास्त दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, दोन थाळ्या बिर्याणी असं सगळं छापून यायचं. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत.

आपल्यापैकी काहींनी ४ मे २०२४ला गुगलच्या पानावर त्यांचं चित्र पाहिलं असेल. ते चित्र १९५४ सालच्या एका कुस्तीच्या निमित्ताने होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत हमीदा बानूंनी जाहीर आव्हान दिलं होतं की जो पुरुष मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्यानंतर पटियाला आणि कलकत्त्याचे मल्ल हरले. मे महिन्याच्या सुरुवातीला त्या बडोद्याला आल्या. गावभर गाड्या-रिक्षांवर जाहिराती फिरल्या. आधी लढत ठरली होती छोटे गामा यांच्याशी, ज्यांना बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. कारण काय, तर बाईशी लढणार नाही. मग बाबा पहिलवान समोर आले. कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली निघाली. बाबा पहिलवान चितपट झाले आणि त्यानंतर त्यांनी कुस्ती सोडली.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे दोनपैकी एक प्रतिक्रिया देतात. "वा, काय बाई!" किंवा "छे, ठरवून केलेली कुस्ती असणार." मला मात्र तिसराच प्रश्न पडतो. त्या पुरुषांशी का लढत होत्या?

याचं उत्तर अगदी साधं आहे. बायका नव्हत्याच. महिलांच्या कुस्तीची संघटना, वजन गट, राष्ट्रीय स्पर्धा असलं काही तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. एखादी परदेशी महिला मल्ल आली तर लढत व्हायची. १९५४मध्येच मुंबईत व्हेरा चिस्टिलिन नावाची रशियन मल्ल आली होती. हमीदा बानूंनी तिला एका मिनिटाच्या आत पाडलं. पण एरवी रोजच्या भाकरीसाठी लढायचं तर समोर पुरुषच. त्यात बंड होतं की पोट होतं, याचा निवाडा आपण कशाला करायचा? दोन्ही असू शकतं. लग्नाच्या पैजेकडेही मी तशीच बघते. पुरुष मल्ल समोर यायला तयार नव्हते. त्यांना आखाड्यात ओढायला काहीतरी आमिष हवं होतं. तिकिटं खपायलाही हवं होतं.

नकार, दगड आणि नियम

आता त्या स्पर्धेतली तीन वाक्यं आठवा. त्यांचे जुने अवतार महाराष्ट्रातच सापडतात.

पहिला अवतार नकाराचा. १९४४ साली मुंबईत हमीदा बानू आणि गूंगा पहिलवान यांची कुस्ती जाहीर झाली. सुमारे वीस हजार लोक जमले. पण समोरच्या पैलवानाने ऐनवेळी जादा पैसे आणि तयारीला जादा वेळ अशा मागण्या पुढे केल्या आणि कुस्ती रद्द झाली. लोकांनी चिडून मोडतोड केली. म्हणजे बाईची कुस्ती लोकांना बघायची नव्हती असं अजिबात नाही. वीस हजार लोक आले होते! लढत नाकारली ती आखाड्यातून.

दुसरा अवतार दगडांचा, आणि तो कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हणजे आपल्या कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान तिथलंच. त्या गावात हमीदा बानूंनी शोभासिंग पंजाबी या पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा काही प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही लुटुपुटुची कुस्ती आहे, असं लोकांचं म्हणणं. "पोरगा हरला तर तोंड कसं दाखवायचं" या वाक्याचं हे मोठ्या माणसांचं रूप. त्यांनी स्वतःची अडचण सोडवली ती अशी: तो हरलाच नाही, सगळं ठरलेलं होतं.

तिसरा अवतार नियमाचा. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाबरोबरची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. पुढे मुंबई राज्यात हमीदा बानूंच्या कुस्त्यांवर बंदीच आली. त्यांनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. देसाईंचं उत्तर असं होतं की बंदी त्या बाई आहेत म्हणून नाही. आयोजक त्यांच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्यात, म्हणून आहे.

इथे इतिहासाच्या विद्यार्थिनीने घाई करू नये. "बघा, पुरुषी सरकार" असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण नूरा कुस्ती, म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती, हा त्या काळातला खराखुरा रोग होता. कुस्ती तिकिटावर चालत होती, ठेकेदार होते, आणि खेळ कुठे संपतो आणि तमाशा कुठे सुरू होतो याची रेघ पुसट होती. रोनोजॉय सेन यांनी भारतीय खेळांच्या इतिहासात एक उदाहरण दिलंय. हमीदा बानूंच्या एका कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा अशा दोन मल्लांची लढत ठेवली होती. आंधळ्या मल्लाचा दात दुखतोय म्हणून ती झालीच नाही आणि दुसऱ्याला विजयी ठरवलं. आयोजकांच्या नजरेत बाईची कुस्ती कोणत्या रांगेत होती, हे यावरून कळतं. तेव्हा शंका घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही.

पण त्या शंकेचं पुढे काय केलं, ते महत्त्वाचं. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या तिकिटाच्या कुस्त्या पुढची कित्येक वर्षं मुंबईत गर्दी खेचत होत्या. त्यांच्याबद्दलही कुजबुज होतीच. तिथे आपण शंका घेत घेत मजा लुटली. हमीदा बानूंच्या बाबतीत शंका आली आणि दार बंद झालं. आयोजक खोटे मल्ल उभे करत असतील तर शिक्षा आयोजकांना व्हायला हवी होती आणि बाईंना खरी जोड मिळायला हवी होती. झालं उलटं.

छोट्या पुरुषाला जोड मिळाली, बाईला नाही

याच दोन-तीन वर्षांत कुस्तीत दुसरं एक मोठं स्थित्यंतर होत होतं, आणि ते आपल्याच माणसामुळे आपल्याला ठाऊक आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण खाशाबा लढले ते ५७ किलोच्या गटात. बांधा लहान, चपळाई जबरदस्त.

जरा कल्पना करा. जत्रेच्या फडात शेवटची मोठी कुस्ती, मोठं इनाम आणि मोठं नाव बहुतेक वेळा धिप्पाड पैलवानांच्या वाट्याला येतं. ५७ किलोचा माणूस जगातला तिसरा पैलवान ठरू शकतो, हे शक्य झालं वजन गटांमुळे. वजन गट म्हणजे काय, तर नियमाने लावलेली जोड. कोणीतरी कधीतरी बसून ठरवलं की लहान माणसाचं कौशल्यही मोजलं गेलं पाहिजे, त्याला हत्तीसमोर उभा करून ते मोजता येणार नाही. यात लहान माणसाचा अपमान झाला असं कोणी म्हणालं नाही. उलट त्याला खेळ मिळाला.

हाच विचार बायकांपर्यंत पोचायला किती वेळ लागला बघा. महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ला, अथेन्समध्ये, तीसुद्धा फक्त चार वजन गटांत. २०१३मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती हा खेळच वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटना खडबडून जागी झाली. नियम बदलले, आणि २०१६च्या रिओमध्ये महिलांचे गट चारचे सहा झाले. त्याच रिओत साक्षी मलिकने ५८ किलोत कांस्य जिंकलं. म्हणजे मुलींना जोड देणं हे कुस्तीवर उपकार नव्हते का? मला तर वाटतं होते.

महाराष्ट्रात महाराष्ट्र केसरी १९६१पासून सुरू आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली मार्च २०२३मध्ये, सांगलीत. मधली बासष्ट वर्षं मोजा. त्या पहिल्या अंतिम कुस्तीत सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली. समोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. हमीदा बानूंच्या गावची. हा योगायोग मी वाचला तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या, खोटं कशाला बोलू!

अमेरिकेतल्या शाळांत काय झालं

"हे आपल्याकडचं मागासलेपण आहे, परदेशात असं नसतं" असं कोणाला वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत कुस्ती हा हायस्कूलचा मोठा खेळ आहे, आणि तिथेही कितीतरी वर्षं मुलींना लढायचं तर मुलांच्याच संघात जावं लागायचं. कायद्याने मुलींना शाळेच्या खेळांत संधी द्यायची होती, पण मुलींचा वेगळा संघ नव्हता. मग काय, मुलांशी लढा. २००६मध्ये अलास्कात मिकेला हचिसन ही मुलगी १०३ पौंडांच्या, म्हणजे साधारण ४७ किलोच्या गटात मुलांना हरवून राज्य विजेती झाली. अशी ती अमेरिकेतली पहिली.

पण मला जास्त शिकवलं ते २०११च्या आयोवाने. आयोवा म्हणजे तिथलं कोल्हापूर म्हणा. राज्य स्पर्धेत कॅसी हर्कलमन हिच्यासमोर जोएल नॉर्थ्रप हा मुलगा होता, आणि पदक मिळवेल असा तगडा होता. त्याने लढायला नकार दिला. मुलीशी अशी झुंज माझ्या श्रद्धेत बसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मुलीला पुढे चाल मिळाली. आयोवाच्या राज्य स्पर्धेत कुस्ती जिंकणारी पहिली मुलगी म्हणून तिचं नाव लागलं, आणि ती कुस्ती झालीच नव्हती. दोघांचंही नुकसान झालं. मुलाची वर्षभराची मेहनत गेली आणि मुलीला हक्काची लढत मिळाली नाही.

बडोद्याचे छोटे गामा, आयोवाचा तो मुलगा आणि आपल्या स्पर्धेतली रिकाम्या गटात हात वर करणारी मुलगी. काळ वेगळा, देश वेगळा, कारणंही वेगळी. तिन्हीकडे मुलगी जिंकली आणि तिन्हीकडे त्या जोडीची कुस्ती झाली नाही.

पुढे आयोवात काय झालं? २०२२-२३च्या हंगामापासून मुलींची वेगळी अधिकृत शालेय कुस्ती सुरू झाली. हवाईत तर मुलींची राज्य स्पर्धा १९९८पासूनच होती. मुलांशी लढणाऱ्या त्या मोजक्या मुलींनी दाखवून दिलं होतं की मागणी आहे. त्या पुलावरून बाकीच्या आल्या. पण पुलावर कोणी संसार थाटत नाही.

मग उत्तर काय?

आता मी सुरुवातीच्या वडिलांना उत्तर देते.

आधी शरीराची गोष्ट, कारण ती टाळून चालणार नाही. वयात येण्याआधी मुलामुलींच्या ताकदीत फार फरक नसतो. बारा-तेरा वर्षांनंतर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि स्नायू, हाडं, विशेषतः खांदे, दंड आणि पकड यांत झपाट्याने अंतर पडत जातं. काट्यावर दोघं ५० किलोच भरतील, पण त्या ५० किलोत स्नायूंचा वाटा सारखा नसतो. म्हणजे वजन गट ही जी नियमाने लावलेली जोड, ती इथे अपुरी पडते. सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत मुलगामुलगी सर्रास लढवले तर एखादी हमीदा बानू निघेल, आणि बाकीच्या शंभर मुली पहिल्या फेरीत हरून खेळ सोडतील. ज्या कारणासाठी खाशाबांना वेगळा गट हवा होता, त्याच कारणासाठी मुलींना हवा. त्यात कमीपणा नाही. म्हणून स्पर्धा वेगळ्याच असाव्यात, असं माझं मत आहे.

पण "नियमात नाही" म्हणणाऱ्या वस्तादांशीही मी पूर्ण सहमत नाही. कारण नियम वेगळा गट देतो आणि मग गट रिकामा ठेवून मोकळा होतो. रिकाम्या गटातलं सोनं मुलीला प्रमाणपत्र देतं, दहावीला क्रीडा गुणांसाठी उपयोगीही पडेल, पण कुस्ती देत नाही. ती मुलगी पुढे राज्यस्तरावर कोल्हापूर-सांगलीच्या मुलींसमोर उभी राहील तेव्हा ती तिची आयुष्यातली पहिली किंवा दुसरी खरी स्पर्धेतली कुस्ती असेल. तिला हरवणार आहे ते हेच रिकामपण.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. नोंदणी संपली की एकट्या पडलेल्या मुलींची नावं शेजारच्या तालुक्यांशी ताडून बघता येतील. लगतच्या दोन वजन गटांतल्या मुलींची, दोघींच्या संमतीने, पदकाबाहेरची एक कुस्ती लावता येईल. आणि बारा वर्षांखालची मुलं असतील, वजन-उंची-अनुभव जुळत असेल, दोन्ही घरं आणि दोन्ही वस्ताद राजी असतील, तर मुलगामुलगी अशी प्रदर्शनी कुस्ती लावायला काय हरकत आहे? जत्रेतले जुने जाणकार हेच तर करायचे. डोळे उघडे ठेवून जोड बघायचे.

तालमीतला सराव तर एकत्र होतोच आणि व्हायलाही हवा. हरियाणातल्या बलालीत महावीर फोगाटांनी आपल्या मुलींना मुलांशी लढवूनच तयार केलं. 'दंगल' सिनेमामुळे ते घराघरात पोचलं. त्यातली गीता २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकली. पण लक्षात घ्या, मुलांशी झालेल्या कुस्त्या ही तयारी होती. पदक मुलींच्या गटात आलं. तो गट नसता तर गीता फोगाटही गावच्या दंगलीतली एक नवलाची मुलगी म्हणून विसरली गेली असती.

"मुलामुलींची अंगाला अंग लागणारी कुस्ती, बरं दिसतं का?" ही कुजबुजही मी ऐकते. काळजी खोटी नाही. पण ती आपण चुकीच्या ठिकाणी करतो. मॅटवर पंच असतात, शेकडो डोळे असतात. जानेवारी २०२३मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले, ते लैंगिक छळाच्या आरोपांसाठी, आणि आरोप समोरच्या मल्लावर नव्हते, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर होते. त्यांनी ते नाकारले आहेत. तरी एवढं नक्की की मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न मॅटच्या बाहेर, बंद दारांमागे जास्त असतो.

शेवटची वर्षं, कल्याण

आणि यातूनच मी परत हमीदा बानूंकडे येते.

१९५४च्या यशानंतर त्यांनी युरोपात जाऊन लढायचं जाहीर केलं. गेल्या नाहीत. कुस्तीच्या बातम्यांतून त्यांचं नाव गायब झालं. का, याबद्दल त्यांच्या नातवाने बीबीसीला सांगितलेली हकीकत अशी: त्यांनी युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानांनीच त्यांना मारहाण केली आणि त्यांचे हात मोडले. ही घरातल्या माणसाची साक्ष आहे, आणि इतिहासात साक्ष ही साक्ष म्हणूनच सांगायची. सलाम यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं की नाही, यावरही घरातल्यांची दोन मतं आहेत.

पण एवढं निश्चित की त्यांचा मुक्काम कल्याणला होता. इथे दुधाचा धंदा होता. सलाम पुढे अलिगढला परतले, त्या इथेच राहिल्या. दूध विकलं, काही जागा भाड्याने दिल्या. पैशांची ओढाताण झाली तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला विकले. १९८६ साली त्या गेल्या.

दगड मारणारे प्रेक्षक, नकार देणारे मल्ल, बंदी घालणारं सरकार, या सगळ्यांना पुरून उरलेल्या बाईचे हात, नातवाची साक्ष खरी धरली तर, तिच्या वस्तादांनीच मोडले. समोरच्या पुरुष मल्लांकडून तिला काही झालं नाही.

म्हणून त्या वडिलांना मी शेवटी एवढंच म्हणाले, "काका, मुलीला मुलांशी लढवायचं की नाही हे नंतर ठरवू. आधी तिच्या वर्गातल्या दोन मुलींना तालमीत आणा. पुढच्या वर्षी निदान एक कुस्ती तरी होईल." ते हसले. म्हणाले, "त्यांच्या आया तयार नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "पण बोलून बघतो."

पुढचा लेख कल्याणच्या जुन्या तालमींवर लिहितेय. तुमच्या घरात कोणी सत्तरी-ऐंशी ओलांडलेलं, मूळ कल्याणचं असेल, तर एक काम करा. त्यांना विचारा, ६०-७०च्या दशकात दूध विकणारी, अंगाने दणकट अशी एक बाई आठवते का? आठवत असेल तर कुठे बसायची, काय बोलायची, कशी चालायची, जे आठवेल ते मला लिहून कळवा. तिच्या कुस्त्या वर्तमानपत्रांत सापडतात. तिचं कल्याण मात्र तुमच्या आजी-आजोबांच्या आठवणीतच आहे.